मंगळवारचा पीळ

सरपंचाच्या गाडीच्या सीटखाली भिजवलेले हरभरे ठेवून त्यांना मोड आणणारा गहिनीनाथ! अशा माणसाच्या हातात भूकंपाच्या पेटीची चावी देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीतच. पण दिली. बारमाही पगार सुरू झाला, कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जायचं सुटलं.

अंगणवाडीला लागूनच्या खोलीत ती पेटी. आत काचेच्या तारेचं वेटोळं. ती बसवणाऱ्या पुण्याच्या निकिता मॅडमनी सांगितलं होतं, "काका, तारेतून उजेड दोन्हीकडून पळतो. जमिनीनं जराशी गिरकी घेतली की एक उजेड मागं पडतो. हलणं मोजणारी यंत्रं ढीगभर आहेत. ही पीळ मोजते."

मंगळवारी या गड्यानं स्क्रू ढिले केले, पेटी बोटभर फिरवली, परत होती तशी आवळली. पुण्यात पडद्यावर रेघ उमटून कशी पळापळ उडेल म्हणून एकटाच खिदळला.

गुरुवारी दुपारी धरणी खरंच हलली. अंगणवाडीचा कोपरा पिळल्यागत तिरका चिरला. तपासायला आलेला साहेब म्हणाला, "चीर जुनी आहे. सोमवारपासून पोरं आत बसवा." सेविका लंकाबाई भांडभांड भांडली, पण भिंत भूकंपानंच पिळली असं सांगणारा कागद तिच्यापाशी कुठला?

शनिवारी मॅडमचा फोन.

"काका, अंगणवाडीसाठी साहेबांना गुरुवारची नोंद पाठवता येत नाही. मंगळवारी भूकंप नसताना पेटीनं पीळ दाखवलाय. पेटीच बिघडलीय. सगळा आठवडा रद्द."

गहिनीनाथच्या तोंडचं पाणी पळालं. बोलावं, तर पुन्हा कोयता. खिडकीतून दिसलं, लंकाबाई चिरेखालून खेळणी काढत होती.

"मॅडम, पेटी बरी हाय. बिघाड माझ्यात हाय."

"काका, चेष्टा नको."

"चेष्टा मंगळवारी केल्ती. मीच फिरवली."

मॅडम म्हणाल्या, "अंगणवाडीसाठी खोटं बोलत असाल तर?"

"आत्ता परत फिरवतो. तुमी तिकडं रेघ बघा."

त्यानं पुन्हा स्क्रू ढिले केले. एक स्क्रू निसटून गडगडत कोपऱ्यात गेला. त्यानं पेटी बोटभर फिरवली.

"तश्शीच रेघ," मॅडम हळूच म्हणाल्या.

"आन् गुरवारची?"

"ती वेगळी. ती खरी आहे. आजच पाठवते." मग म्हणाल्या, "काका, चावी लंकाबाईंकडे द्या."

गहिनीनाथ मिटली मूठ घेऊन अंगणवाडीत गेला. लंकाबाईनं पुढं केलेला हात झटकन मागं घेतला. "काय रं, इच्चू-बिच्चू न्हाई ना मुठीत?"

त्यानं मूठ उघडली.

"न्हाई अक्का. नुसती चावी हाय."