कच्चा टाका

शिलाईचं शहाणपण शिलाईपुरतंच ठेवावं. पण हे मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला सांगणार कोण?

मास्तर कपडे शिवायचे, बायको काज-बटण करायची. मास्तरांच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली, आणि फुग्याचं तोंड चांगलं रुंद. डॉक्टरांनी मांडीतून नळी घालून त्या फुग्यात बारीक तारेची वेटोळी भरली, ती घसरून बाहेर येऊ नयेत म्हणून वाहिनीत जाळीचा स्टेंट बसवला.

"म्हणजे आतून अस्तर लावलंत," मास्तर म्हणाले.

"तसंच समजा. पण अस्तरावर रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या घ्यायच्या. मी सांगेपर्यंत बंद करायच्या नाहीत."

पुढच्या तपासणीत फुगा पक्का बंद झालेला दिसला. बायकोचा जीव भांड्यात पडला. पण सुई जरा बोटाला लागली की मास्तरांचं रक्त थांबायचं नाव घेईना. एका नवरीच्या पांढऱ्या झग्यावर डाग पडला, तेव्हा बिचारे पार हिरमुसले.

"अहो, पक्की शिलाई झाल्यावर कच्चा टाका कोण ठेवतं?" काज करता करता बायको म्हणाली. "बंद करा त्या गोळ्या."

"डॉक्टर रागावतील."

"त्यांना सांगतंय कोण? झगा होईपर्यंत तरी."

मास्तरांना पटलं. बायकोचं त्यांना नेहमीच पटायचं, तेच नडलं.

झगा झाला. शेवटचा टाका घालताना मास्तरांच्या हातातून सुई गळली आणि तोंड वाकडं झालं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत स्टेंटमध्ये रक्त गोठून गेलं होतं.

"गुठळी ओढून काढा ना," बायको काकुळतीला आली.

"काढली. पण तोवर मेंदूचा तेवढा भाग गेला होता. उजवा हात आणि बोलणं परत येईल असं वाटत नाही." मग डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कुणी बंद केल्या?"

"मी," ती म्हणाली. डॉक्टरांनी तेवढंच केसपेपरवर लिहून घेतलं. चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

आता मास्तरांकडे एकच शब्द उरलाय. पुरा झालेला कपडा गिऱ्हाइकापुढे धरताना म्हणायचे, तो.

"जेवताय ना?"

"झालं."

"दुखतंय का कुठं?"

"झालं."

गोळी ती आता न चुकता भरवते. एकदा गोळी भरवताना तिला राहवलं नाही. "अहो, माझं चुकलं हो," ती म्हणाली.

मास्तरांनी डाव्या हातानं तिची बाही चाचपली. एक सुटलेला धागा सापडला, तो अंगठ्यानं आत सारला.

"झालं," ते म्हणाले.

ते तिला म्हणाले, की नुसतेच म्हणाले, हे तिला आता कधीच कळणार नाही.