बॅटरीला हवा लागते

“बॅटरी नकली मारलीस, दीपक,” रविराज म्हणाला. “आठ दिसांत बॅटरीचा वॉर्निंग दिवा परत लागला.”

त्याच्या बोटात कोरी अंगठी होती. धोंड्याच्या महिन्यात सासूने जावयाला घातलेली. मागे धाकटा ऋषिराज सासरचा नवा शर्ट घालून उभा. आणि दोघांचे वडील, मानसिंगतात्या, गाडीच्या सावलीत उकिडवे बसलेले. गाडी त्यांचीच. कारखान्याच्या वजनकाट्यावर उभा जन्म काढला आणि रिटायर झाल्यावर पुण्याहून ही सेकंडहँड हायब्रिड गावी, कन्हेरीत आणली.

तिची मोठी बॅटरी बारामतीत माझ्या गॅरेजात मीच बदलली होती. तोंडात आलेली शिवी गिळली आणि त्यांच्या दारातच स्कॅनर जोडला.

बॅटरीच्या सगळ्या कप्प्यांचे आकडे एकसारखे होते. एखादा जरी कप्पा मेलेला असता, तर त्याचा आकडा खाली पडला असता. वाढलं होतं ते फक्त तापमान.

“बॅटरी चांगली हाय. तापतीया नुसती.”

“ह्यो रानगट पळवतो,” रविराजने भावाकडे हनुवटी उडवली.

“मी? मी धोंडं खायला इंदापुरात होतो. तूच नेली असशील सासुरवाडीला.”

त्यांना भांडू दिलं. दिवा लागतो त्या क्षणाची नोंद स्कॅनरवर दिसते. वेग शून्य, गिअर पार्किंगमध्ये, एसी चालू, आणि गाडी सुरू करून कैक तास झालेले. म्हणजे गाडी कुणी पळवलीच नव्हती. ती जागेवर उभी राहून रात्रभर थंड हवा देत होती.

मागच्या सीटशेजारी एक जाळी असते, तिथून बॅटरीचा पंखा आतली गार हवा ओढतो. जाळी काढली. पंख्यात अंथरायच्या वाकळीचे दोरे, तंबाखूची पूड आणि पांढरे केस गुंडाळून बसले होते. आठ दिवसांपूर्वीच तो मी स्वच्छ करून दिला होता.

“तात्या, गाडीत झोपता व्हय?”

तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “भाईर लई उकडतंय बाबा. पोरांनी महिनापाळी लावलीया माझी. चैत थोरल्याकडं, वैशाख धाकट्याकडं, मंग जेठ परत थोरल्याकडं. औंदा धोंडा मधीच आला.”

“अधिक महिना वाटणीत धरलाच न्हवता,” ऋषिराज म्हणाला. “पर जेठ त्याचा, म्हंजी अधिक जेठ बी त्याचाच की.”

“आरं वा! खरा जेठ लागला की नेतो म्हणलोय मी. धोंड्याचं माझ्या अंगावर घालू नगं.”

बोलताना तो अंगठी फिरवत होता. मला त्या बोटाचीच किळस आली. जावई म्हणून मिरवायला दोघांनाही हा महिना सापडला, बापाला भाकरी घालायला मात्र तो पंचांगात नव्हता!

“लाज वाटती का रं?” मी म्हणालो.

“तू बॅटरीचं बोल.” रविराजने गाडीतली चावी उचलून खिशात टाकली. “आजपासनं गाडीला कुलूप. चावी माझ्यापाशी. मिटला प्रश्न.”

ऋषिराजने मान डोलावली. मी कन्हेरीत आल्यापासून पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

तात्या हळूच उठले आणि माझा दंड धरून मला बाजूला घेऊन गेले.

“दीपक, मागलं दार कुलूप न लावता ठिवलं, तर बॅटरीला काय हुतं का रं?”

“काय हुत न्हाय, तात्या.”

“मंग तेवढं तू सांग त्येस्नी. गार हवा नसंना, पाठ टेकायला जागा तरी हुईल. बॅटरीसाठी लागतंय म्हणून सांग. माझ्यासाठी म्हणलं तर ऐकायची न्हाईत.”

मी परत गाडीपाशी आलो. दोघांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, म्हणून स्कॅनरची वायर गुंडाळत बोललो, “बॅटरीला हवा लागते. मागचं दार रात्री कुलूप न लावता ठेवायचं.”

“आसं व्हय? आधी न्हाय का सांगायचं!” रविराज म्हणाला. “बॅटरीसाठी असंल तर ठिवू की.”