होडीचा शर्ट

त्या दिवशी लाँड्रीत कुणाचा तरी पडदा जळला होता, म्हणून बाबांच्या अंगावर होडीचा शर्ट होता.

लेक दुपारी जेवणाचा डबा घेऊन दुकानात शिरली आणि दारातच तिने कपाळाला हात लावला. विम्याच्या कचेरीत ती चांगल्या हुद्द्यावर होती. हाताखालची माणसं कशी सांभाळावीत यावरची कपाटभर पुस्तकं तिने वाचली होती. मालकाने पाठीवर भोक पडलेला शर्ट घालून काउंटरवर उभं राहावं, असं त्यांतल्या एकातही लिहिलेलं नव्हतं.

शर्ट पांढरा. पाठीच्या मधोमध इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग, थेट होडीसारखा, टोकाशी आरपार जळलेला. दुकान नवं असताना बाबांनी पहिल्याच गिऱ्हाइकाचा शर्ट असा भाजला होता. त्याला नवा घेऊन दिला आणि जळका स्वतःकडे ठेवला. तेव्हापासून रीतच पडली. कुणाच्याही हातून कपडा बिघडला की बाबा खिळ्यावरचा तो शर्ट चढवायचे. गिऱ्हाइकाचा आवाज चढला की शांतपणे पाठ फिरवून म्हणायचे, ही आमची जुनी करामत, तुमच्या कपड्यावर झाली ती आजची; भरून देऊ. कोणी जाळला, असं कुणी खोदून विचारलंच तर म्हणायचे, दुकानाने. चिडलेला माणूस होडीकडे बघून हसायचा, नाहीतर निदान आवाज तरी खाली आणायचा.

शाळेत असताना मैत्रिणींबरोबर घरी जाताना लांबून होडी दिसली, की लेक त्यांना घेऊन रस्ता ओलांडायची.

"कशी दिसते स्वारी?" बाबांनी त्या दुपारीही विचारलं. तो शर्ट घातला की हा प्रश्न ठरलेला.

"डबा निवतोय," ती म्हणाली. तिचं उत्तरही साधारण ठरलेलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले नाहीत. डबा घासून ओट्यावर पालथा घातलेला होता.

दुकान विकावं असं सगळ्या नातेवाइकांनी सुचवून झालं. तिने मात्र कचेरीतून लांबलचक रजा काढली आणि काउंटरवर जाऊन बसली. खिळ्यावरचा शर्ट तिच्याने बघवेना. घडी करून तिने तो कपाटात ठेवला. मग इस्त्रीवाल्या मावशींना आणि धुलाईवाल्याला समोर बोलावलं. दिवसभर कोपरापर्यंत फेसात असायचा म्हणून धुलाईवाल्याला सगळे फेसोबा म्हणत. चूक झाली तर न घाबरता सांगा, मी मुळीच रागावणार नाही, असं तिने दोघांना इतक्या करड्या आवाजात सांगितलं, की फेसोबाने जागच्या जागी शर्टाची वरची गुंडी लावली.

त्यानंतर लाँड्रीत एकही चूक झाली नाही. तिला मनातून फार बरं वाटलं. बाबांना जमलं नव्हतं ते आपण करून दाखवलं, असंही क्षणभर वाटून गेलं.

मग एके सकाळी एक उंच प्रोफेसर आले आणि काउंटरसमोर सरळ उभे राहिले. पँटखाली दोन्ही घोटे स्वच्छ दिसत होते.

"मला एवढंच सांगा," ते म्हणाले, "या वयात मी वाढलो का?"

पँट एका पायाशी जळली होती. तेवढा भाग कापून सुबक दुमडलेला, आणि जोडी जमावी म्हणून दुसरा पायही तितकाच आखूड केलेला. हे कुणी केलं, असं तिने विचारलं तेव्हा मावशी छताकडे बघत राहिल्या. फेसोबाने तर आतून कुणी हाक मारल्यासारखं मशिनमध्ये डोकं घातलं. पुढे एक टेबलक्लॉथ टीपॉयपुरता झालेला सापडला. कपड्यांबरोबर गिऱ्हाइकंही आटत चालली होती. ही दोघं अशीच मूग गिळून बसली तर दुकानाला कुलूप लागणार, आणि बाबांचं म्हणून जे काही उरलं आहे तेही आत बंद होणार, हे तिला कळत होतं. त्यांना बोलतं कसं करायचं, ते मात्र कळत नव्हतं.

एक दिवस कामाचा ढीग साचला, म्हणून ती स्वतः इस्त्रीला उभी राहिली. बँडमास्तरांचा पांढरा कोट होता, संध्याकाळच्या कार्यक्रमाचा. इस्त्रीच्या टेबलावरच्या जाड कापडात बाबांच्या कोपराने एक खळगा पडला होता. तिचं कोपर नेमकं त्यात गेलं, आणि ती थांबली. इस्त्रीही थांबली.

वास आल्यावर दोघं धावत आली.

"ताई, खिसा लावू," फेसोबा म्हणाला.

"पाठीवर?"

"मग झालर."

मावशींनी त्याला कोपराने ढोसलं. "ताई, मी जाळला म्हणून सांगते. तुम्ही मालकीण. तुमचं नाव कशाला?"

खरं सांगायचं तर तिला मोह झाला. तोंडही उघडलं होतं तिने. पण मावशींच्या चेहऱ्यावर माया होती आणि तिच्या आडून भीतीही डोकावत होती. बाबांच्या दुकानात ही भीती तिने कधी पाहिली नव्हती. तिने कपाट उघडलं, होडीचा शर्ट आपल्या कपड्यांवरूनच चढवला आणि लांब बाह्या दुमडल्या.

बँडमास्तर आले. तिने आधी पाठ फिरवली, कारण समोर बघून बोलणं जमलं नसतं.

"हा बाबांनी जाळला होता," ती म्हणाली. "तुमचा मी जाळला. लक्ष नव्हतं माझं. नवा शिवून देईन, पण आज संध्याकाळची सोय माझ्याकडे नाही."

बँडमास्तरांनी कोट उलटा धरला आणि बराच वेळ पाहिला. "अहो, माझं तोंड कोण बघतं?" ते म्हणाले. "लोक तासभर पाठच तर बघतात." मग कोट काउंटरवर ठेवून उकाड्याचं निमित्त सांगतो म्हणाले, आणि नुसत्या जाकिटावर निघून गेले. हसले नाहीत, ओरडलेही नाहीत.

मावशींनी पुढे येऊन काउंटरवरचा कोट उचलला.

"प्रोफेसरांची पँट माझी," मावशी म्हणाल्या.

"टेबलक्लॉथ मी," फेसोबा आतून म्हणाला. "आणि त्या हिरव्या झग्याचा पोपटी."

"तो पोपटीच नव्हता?" तिने विचारलं.

मग दोघांमध्ये चढाओढच लागली, आणि मावशी मागे सरकत सरकत थेट बाबांच्या शेवटच्या दिवशीच्या पडद्यापर्यंत पोचल्या. ती हसत ऐकत होती. हसता हसता तिने मान वळवली आणि मागच्या काचेच्या दारात तिला आपली पाठ दिसली. टोकाशी आरपार गेलेली होडी, आणि खांद्यांवरून ओघळलेला तो शर्ट.

डबा आता निवणार नव्हता.

"छान दिसायचात, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "दरवेळी."