रविवारची गोळी

मित्रांनो, दवाखान्याच्या तपासणीखोलीत कोपरा अडवून बसलेला मी एक जुना ट्रेडमिल आहे. आयुष्यभर लोकांना पळवलं, पण एकालाही कुठे पोचवलं नाही. नवा होतो तेव्हा सगळे कौतुकानं हात फिरवायचे. आता माझ्या दांडीवर डॉक्टरबाई कोट टांगतात. तक्रार नाही. इथून माणसं छान कळतात. छाती काढून चढणारे गृहस्थ चढ लागताच आधी दांडी धरतात.

एके दिवशी भिंगरी आली. मैदानावर पळता पळता कोसळलेली शाळकरी पोर. निजवून काढलेला तिच्या हृदयाचा आलेख मात्र अगदी नियमित, शहाण्या बाळासारखा. शाळेत म्हणे, "नाटकं करते, दुसरं काय!" मलाही उत्सुकता लागली. छातीला तारा चिकटवून तिला माझ्यावर पळवलं. वेग वाढला आणि पडद्यावरचे ठोके वेडेवाकडे उड्या मारू लागले. डॉक्टरबाईंनी मला तत्काळ थांबवलं. श्रमानंच बिघडणारी लय होती ती. बसल्या जागी सापडली नसती. पळताना शरीर हृदयाला जो चाबूक मारतं, त्याचा मार सौम्य करणारी रोजची गोळी तिला सुरू झाली.

काही आठवड्यांनी, एका सोमवारी, गोळीचा गुण बघायला ती परत आली. वेग वाढला. ठोके पुन्हा उधळले.

डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. "दुसरं औषध जोडावं लागेल. तेही पुरलं नाही तर छातीत यंत्र बसवायचा विचार करू. मैदान मात्र विसरायचं."

भिंगरी मान खाली घालून तारा सोडवत बसली.

"गोळी रोज घेते ना?"

"रोज म्हणजे रोज," वडील म्हणाले. "रविवार सोडून."

"रविवारी काय असतं?"

"सुट्टी. यंत्रं दुरुस्त करण्यात जन्म गेला माझा, बाई. आठवड्यातून एक दिवस आराम दिला की यंत्र टिकतं. म्हटलं, पोरीच्या अंगालाही औषधापासून आराम."

"आणि तिचं हृदय रविवारी बंद ठेवता का?"

डॉक्टरबाईंनी कॅलेंडरवर बोट ठेवलं. "आज सोमवार. म्हणजे कालची गोळी पोटात नाहीच."

"मी सांगत होते बाबा," भिंगरी पुटपुटली. "तुम्ही आईचंही ऐकलं नाहीत."

दुसरं औषध डॉक्टरबाईंनी तूर्त थांबवलं. पुढचे आठवडे गोळीचा एकही खाडा झाला नाही. मग ती पुन्हा माझ्यावर चढली. ठोके जिथे उधळायचे तो वेग आला, गेला. वडील पापणी न लववता पडद्याकडे बघत होते. रेघ शिस्तीत चालली होती.

"शर्यती नकोत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मैत्रिणींबरोबर बेतानं खेळ. चक्कर आली, धडधडलं, तर लगेच थांब. आणि गोळी चुकवायची नाही."

मित्रांनो, औषधाबद्दल शंका आली तर डॉक्टरांना विचारा, हवं तर माझ्यावर येऊन पळा. पण मनानं गोळी बंद करून प्रयोग करू नका. बरं वाटतं ते बहुधा तिच्यामुळेच.

भिंगरी बूट घालून दाराबाहेर सुटली.

"ए, पळू नकोस!" वडील सवयीनं ओरडले. मग म्हणाले, "बरं... हळू पळ."