परका टाका

शिंप्याने बायकोची पँट इस्त्रीसाठी उलटी केली आणि इस्त्री बाजूला ठेवली. गुडघ्यावर फाटलेलं कुणीतरी हाताने शिवलं होतं. टाके त्याचे नव्हते. बायकोचेही नव्हते, तिचे टाके त्याने झोपेतही ओळखले असते. हे सगळे उलट्या बाजूला झुकलेले. म्हणजे डावखुरा माणूस!

शिंप्याच्या बायकोने फाटलेलं कापड परक्याकडून शिवून घ्यावं? त्याला तीस वर्षांचा संसार उसवताना दिसू लागला.

मग एकेक गोष्ट आठवली. चार महिने दर रविवारी सकाळी ती धाकट्या बहिणीकडे जात होती. बहीण राहते चौथ्या मजल्यावर. तिथे बुटांना लाल माती कुठून लागते? बाह्यांना कुसळं कशी चिकटतात?

"काय म्हणते बहीण?" त्याने आडून विचारलं.

"मजेत आहे," म्हणून ती गुणगुणत स्वयंपाकघरात गेली. या वयात गुणगुणणं! ओळखीतले डावखुरे तो बोटांवर मोजू लागला: औषधवाला, बसचा कंडक्टर आणि तो गुळगुळीत दाढीचा विमा एजंट. एजंटावर त्याचा दाट संशय होता.

तीन रविवार त्याने दातओठ खात काढले. चौथ्या रविवारी दुकान बंद ठेवून तो तिच्या मागावर निघाला. बहिणीच्या गल्लीआधीच ती वळली, पाण्याच्या टाकीमागून थेट बंद पडलेल्या दगडखाणीकडे. ही खाण त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसायची. तो झुडपामागे दबा धरून बसला आणि एजंटाची वाट बघू लागला.

एजंट आलाच नाही. बायकोने पिशवी ठेवली, तळहातांना माती चोळली आणि दहा-बारा फूट उंच कातळावर चढू लागली.

"अगं, पडशील!" तो ओरडलाच.

ती दचकली, पण पकड सोडली नाही. माथ्यावर जाऊन बसली, मगच बोलली. "म्हणूनच नाही सांगितलं तुम्हाला. सायकल शिकायला निघाले तेव्हा हेच म्हणालात. पोहायला जाते म्हटलं तेव्हाही हेच. भांडी घासताना तीस वर्षं हा कातळ बघतेय मी."

"आणि गुडघा कुणी शिवला?"

"मीच. महिन्यापूर्वी घसरले, उजवा हात मुरगळला. मग डाव्याने शिवलं. तुम्हाला दिलं असतं तर येणं बंद झालं असतं."

शिंप्याला आठवलं: कित्येक दिवस तिने चहाचा कप डाव्या हाताने पुढे केला होता. त्याची नजर मात्र तिच्या गुडघ्यावर असायची. त्याला स्वतःची लाज वाटली.

"हात आता कसा आहे?" त्याने खालून विचारलं.

"बरा आहे." तिने तळहातांवरची माती झटकली. "लपवत होते खरी. तरी रोज वाटायचं, आज विचाराल."