बरणीतली निळी जर्सी

मी एक जुनी समुद्री गोगलगाय आहे. मित्रांनो, बरणीत डोकावून नाक मुरडू नका. मी लोणचं नव्हे.

आज मी पांढरीफटक दिसते, पण एके काळी माझा थाट बघण्यासारखा होता. निळंशार अंग, पिवळी किनार, डोक्यावर दोन नारिंगी शिंगं आणि पाठीवर मागच्या बाजूला कल्ल्यांचा तुरा. लपायला शंख नाही, पळायचा वेग तर विचारूच नका. तरी मी मालवणच्या खडकांवर ऐटीत फिरायचे. कारण मी विषारी स्पंज खायचे आणि ते विष अंगात साठवायचे. एखादा नवशिका मासा मला तोंडात घ्यायचा, लगेच थुंकायचा आणि पुन्हा निळं-पिवळं काही दिसलं की वाट बदलायचा. माझी एक चुलत बहीण तर समुद्रफुलं नावाचे डंख मारणारे प्राणी खाऊन त्यांचे डंखच पाठीवर मिरवायची. भारी आगाऊ!

तीस वर्षांपूर्वी ओहोटीला प्राणिशास्त्राच्या पद्मजा मॅडमनी मला उचललं आणि खाऱ्या पाण्याच्या डब्यातून कोल्हापुरात त्यांच्या कॉलेजात आणलं. सगळा विभाग मला बघून गेला. स्पिरिटमध्ये रंग उडतात, म्हणून मॅडमनी ते माझ्या नावाखाली आधीच वहीत टिपले. मग मी बरणीत गेले आणि बरणीवर माझ्या नावाची चिठ्ठी लागली.

यंदा तपासणी समिती येणार होती. प्रयोगशाळेतल्या आकाराममामांनी साऱ्या बरण्या एकदमच साबणाच्या पाण्यात घातल्या. बरण्या लखलखल्या, चिठ्ठ्या मात्र सुटल्या. मामांनी त्या अंदाजानं चिकटवल्या आणि माझ्या कपाळी 'जंत' आला. माझं नाव लागलं शेजारच्या जंताला. तो दिवसभर फुगून बसला. मला रडू आलं, पण स्पिरिटात रडलेलं कोणाला दिसतं?

नव्या स्नेहल मॅडम कपाटाशी आल्या. "या बरणीतला जंत ओळखूच येत नाही. ही खराब झालीय. टाकून द्या, मामा."

मामांनी मला मोरीपाशी नेऊन झाकण उघडलं. माझी घाबरगुंडी उडाली. आता मला वाचवायला रंगही नव्हता. मामा वाकले, त्यांना माझा तुरा दिसला आणि ते ओरडतच मागे फिरले.

"मॅडम, ह्यो जंत न्हाय! चिठ्ठी मीच चुकवलीया. ही आली तवा डब्यात बघितलेली की! निळी जर्सी, पिवळी किनार. शिवाजी पेठेत आमच्या तालमीची फुटबॉलची टीम हाय न्हवं, तिचाच रंग!"

"मग नाव काय हिचं?"

"नाव न्हाय ठावं. पर रंग कसा इसरीन?"

स्नेहल मॅडमनी पद्मजा मॅडमची वही काढली. रंग, शिंगं, तुरा, सगळं जुळलं. आता माझं नाव पेन्सिलीनं लिहून बरणीच्या आतच ठेवलंय, कारण शाई स्पिरिटात उतरते. शेजारचा जंत तेवढा रुसलाय.

मित्रांनो, बरण्या जरूर धुवा, पण एका वेळी एकच. आणि एक सांगते. माझा रंग लक्षात राहायला माशांना मला एकदा चावावं लागायचं. आकाराममामांनी तो न चाखताच तीस वर्षं लक्षात ठेवला.