सिस्टरबाईंचे मिस्टर

पौषातल्या सकाळी सुरगाण्याच्या डोंगरात ऊन उशिरा उतरते, आणि उतरल्यावरही बराच वेळ तो नुसता उजेडच असतो. त्यात ऊब नसते. अशा सकाळी एखाद्या गरोदर बाईचे पोट तपासण्यापूर्वी निर्मला आपले तळवे एकमेकांवर घाशीत उभी राही. वाळल्या पानांवरून कोणी हलकेच चालत यावे, तसा तो आवाज. मग ती तळवा स्वतःच्याच गालाला लावून पाही आणि थंडी पुरती गेल्याची खात्री पटल्यावरच हात पुढे करी. समोरच्या बाईच्या चेहऱ्यावरचा ताण त्या स्पर्शाआधीच सैल झालेला असे. चौतीस वर्षे मी तिचा नवरा होतो. पण तिची ही सवय मला ठाऊक झाली ती लग्नाला नऊ वर्षे उलटल्यावर. ती इतक्या उशिरा का, हे सांगायचे तर आधी माझी चूक सांगावी लागेल.

ती सुरगाण्याकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात परिचारिका होती आणि मी नाशिकजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. म्हसरूळला आमचे दोन खोल्यांचे घर होते. त्यात मी, माझी आई आणि आमची मुलगी रेणू. निर्मला शनिवारी संध्याकाळी वणीमार्गे येणाऱ्या जीपमधून दाटीवाटीने येई आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने परत जाई. तिच्या येण्याने घरात दिवा लावल्यासारखे होई. परंतु तो दिवा दीड दिवसाचा, हे रेणूलाही कळत असे. त्यातून द्राक्षांच्या हंगामात तिचा रविवारही आमचा उरत नसे. भातकापणी झाली की सुरगाण्याची माणसे कुटुंबकबिल्यासह दिंडोरीकडच्या बागांमध्ये कामाला उतरत. कोणती गरोदर बाई कोणाच्या बागेत उतरली आहे, हे निर्मलाच्या वहीत टिपलेले असे. दुपारचे जेवण आटोपले की ती पायांत चपला सरकवून म्हणे, ‘‘तासाभरात आलेच.’’ आणि ती परते तेव्हा मावळतीची सावली अंगण ओलांडून उंबऱ्याला टेकलेली असे.

माझी तक्रार रागाची नव्हती. ती एकटेपणाची होती. पण एकटेपणालाही आपलाच एक हेका असतो. सरकारी नियमांमध्ये ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ नावाची एक सोय आहे. नवरा-बायको दोघेही नोकरीत असतील, तर त्यांना जवळजवळ नेमणूक मिळावी, अशी. त्या वर्षी मी तिच्या नावाने नाशिकला बदली मागणारा अर्ज भरला. विम्याचे आणि बँकेचे काही कागद तिच्यापुढे ठेवायचे होते, त्यांत तोही ठेवला. ती पोळ्या लाटत होती. पिठाचे हात पदराला पुसून, मी बोट ठेवीन तिथे ती सही करीत गेली. एकाही कागदावर तिने नजर टाकली नाही. माझ्यावरचा तिचा विश्वास इतका सहज होता, की तो आहे हेही तिला जाणवत नसावे.

मे महिन्यात बदलीचा आदेश आला. आईने देवापुढे साखर ठेवली. निर्मलाने तो कागद खिडकीपाशी नेऊन दोनदा वाचला. बाहेर टळटळीत दुपार होती. कागदावरून परतणारा उजेड तिच्या हनुवटीवर थरथरत होता.

‘‘सही माझीच आहे,’’ ती म्हणाली, ‘‘पण मी ही केव्हा केली?’’

मी सांगितले. सगळे सांगितले. ती रडेल, निदान चिडेल, असे मला वाटले होते. तिने कागदाची घडी घातली, ती पर्समध्ये ठेवली आणि एवढेच म्हणाली, ‘‘तुम्हाला सुट्टी आहे ना? सोमवारी चला माझ्याबरोबर.’’

नऊ वर्षांत मी तिच्या उपकेंद्रावर दोनदाच गेलो होतो. दोन्ही वेळा पाहुण्यासारखा. त्या सोमवारी तिने बर्फ घातलेला लसींचा डबा माझ्या खांद्याला अडकवला आणि आम्ही पाड्याची चढण चढू लागलो. दोन्ही बाजूंना, भात-नागलीची रोपे टाकण्यासाठी भाजून काढलेल्या जमिनीचे काळे तुकडे पसरले होते. हवेत राखेचा कडसर वास भरून राहिला होता. ती पुढे, मी मागे. ती दमत नव्हती असे नाही. पण दम कुठे खायचा, कोणत्या झाडाखाली, कोणत्या दगडावर, हे तिच्या पावलांना पाठ होते. माझ्या बायकोची अशी एक चाल आहे, जी मी कधी पाहिलेलीच नाही, हे मला त्या चढणीवर उमगले.

पाड्यावर बातमी आमच्याआधी पोचली होती. सोनीबाई नावाची एक बाई दारात बसली होती. आठवा महिना संपत आलेला. तिची आधीची दोन मुले घरीच जन्मली आणि घरीच गेली होती. या खेपेला दवाखान्यात यायला ती तयार झाली होती, ती निर्मला सोबत येणार या एकाच अटीवर. निर्मलाने माझी ओळख करून दिली, ‘‘हे माझे मिस्टर. गुरुजी आहेत नाशिकला.’’

सोनीबाईने माझ्याकडे निरखून पाहिले. तिच्या स्वरात दोष नव्हता. पावसाची चौकशी करावी तसे तिने विचारले, ‘‘गुरुजी, तुमी बायला घेऊन जानार, आसं आयकलं. मंग माझ्यासंगं कोन येल?’’

मी निर्मलाकडे पाहिले. ती माझ्या मदतीला आली नाही. ती भर उन्हाळ्यातही, सवयीने, तळवे एकमेकांवर घाशीत होती, आणि तो कोरडा आवाज तेवढा त्या अंगणात होता. वर्गात चाळीस मुलांसमोर कधी न अडलेला मी, त्या एका प्रश्नापुढे लसींचा डबा सांभाळीत खाली पाहत उभा राहिलो.

उतरताना निम्म्या वाटेवर मी म्हणालो, ‘‘मी अर्ज मागे घेतो.’’

ती थांबली. ‘‘तो माझ्या नावाचा आहे. तो मी मागे घेईन. तुम्ही तुमचा लिहा.’’

मी माझा लिहिला. त्याच नियमाखाली, तेच शब्द वापरून. फक्त गावाचे नाव बदलून. कचेरीतल्या कारकुनाने चष्मा कपाळावर सरकवून मला न्याहाळले. ‘‘गुरुजी, लोक तिथून इकडं यायला धडपडतात. तुम्ही इकडून तिकडं? घरी सगळं ठीक आहे ना?’’ मी म्हणालो, ‘‘आता होईल.’’

आई थोरल्या भावाकडे राहायला गेली. जाताना ती माझ्याशी बोलली नाही, सुनेला मात्र तिने जवळ घेतले. सोनीबाईला ग्रामीण रुग्णालयात मुलगी झाली. जीपमध्ये तिचे डोके निर्मलाच्या मांडीवर होते, असे मागाहून कळले. आणि शाळा उघडताच मी आणि रेणू डोंगरात राहायला गेलो. तिथल्या एकवीस वर्षांत मला कोणी नावाने हाक मारली नाही. मी सिस्टरबाईंचा मिस्टर होतो. प्रथम तो शब्द कानाला खडा लागावा तसा लागे. पुढे पुढे अंगावरच्या जुन्या सदऱ्यासारखा तो माझाच झाला. मी नागलीच्या भाकरी थापायला शिकलो. त्या कडांना फाटत आणि रेणू त्यांत नकाशे शोधी. संध्याकाळी निर्मला परतली की आधी नळाखाली पाय धुई. त्या पाण्याच्या आवाजाबरोबर आमचे घर भरून येई.

तरीही माझी चूक पुसली गेली, असे मी म्हणणार नाही. त्यानंतर माझ्या हातच्या कोणत्याही कागदावर तिने न वाचता सही केली नाही. रेणूचे प्रगतिपुस्तक असो की गॅसचा फॉर्म, ती चष्मा लावी, शेवटच्या ओळीपर्यंत वाची, मग पेन मागे. त्यात रोष नसे, टोमणा नसे. मी पेन धरून उभा राही. विश्वास परत आला होता. तो आता डोळे उघडे ठेवून आला होता, इतकेच.

तिच्या निवृत्तीच्या वेळी तालुक्याला सत्कार झाला. सूत्रसंचालकाने, पतीने परवानगी दिली म्हणूनच ही सेवा घडली, असे भारावून सांगितले आणि मलाही मंचावर बोलावले. नारळ घेऊन मी अवघडून उभा राहिलो. निर्मला क्वचितच माइकपाशी जाई. त्या दिवशी गेली. ‘‘परवानगी कोणी कोणाला दिली नाही,’’ ती म्हणाली. ‘‘ते त्यांच्या कामाला जात, मी माझ्या. संध्याकाळी घर एकच होतं.’’ टाळ्या वाजल्या की नाही, ते मला आठवत नाही. तिचा आवाज किंचित कापला, तो तेवढा आठवतो.

आम्ही म्हसरूळला परतलो. चार वर्षे सलग, एकाही सोमवाराने न तुटलेली, आम्हाला मिळाली. मग एका आश्विनात, थोडक्या आजाराने, ती गेली.

गेल्या माघात फाटकाशी एक अनोळखी बाई उभी राहिली. डोक्यावर गाठोडे, कडेवर मूल. बागेच्या कामाला आली होती. पत्ता कोणीतरी सांगितला होता. ‘‘सिस्टरबाय आहा का घरात?’’ तिने विचारले. ‘‘बाहेर गेली आहे,’’ मी बोलून गेलो. किती सहज बोलून गेलो! मग स्वतःला सावरून खरे ते सांगितले. ती पायरीवर टेकली. मी पाणी आणून दिले. पिऊन झाल्यावर ती पुटपुटली, ‘‘आमच्याकडं कोनाला ठावं नाय.’’ आणि मुलाला सावरत उठून गेली.

तेव्हापासून मी त्या डोंगरांचा विचार करतो. मृत्यूची वार्ताही तिथे पायीच चढते; तिलाही धाप लागते, तीही झाडाखाली टेकते. ज्या पाड्यांवर ती वार्ता अजून पोचलेली नाही, तिथे कुणी बाई आजही वाटेकडे डोळे लावून निश्चिंत बसली असेल. आणि तिच्या त्या वाट पाहण्यात निर्मला अजून चालत असेल.